हीटर गोल की लांबट

वडिलांच्या जुन्या मोटारीतला हीटर कुणीतरी कधीच काढून टाकलेला; मूळचा कोणता होता, यावरून आम्हा बहिणींची जुंपली होती. कंपनी दोन प्रकारचे देत असे: आतलीच हवा तापवणारा गोल किंवा बाहेरची हवा ओढणारा लांबट. ताई गोलवर अडून बसलेली. शेवटी मी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. इंजिनाकडच्या पत्र्यात एक लांबट भोक झाकण लावून बुजवलेलं होतं. झाकण काढलं, तर भोकाच्या कडेलाही गाडीचा मूळ निळा रंग.

"ताई, हे रंगाच्या आधीच पाडलंय. म्हणजे कारखान्यातच, बाहेरची हवा ओढायला. गोल हीटरला असलं भोक लागतच नाही."

ताई घाईघाईने आत घुसली. टाळकं आपटलं, तरी हसत होती.

"हरले बाई. मग तसला हीटर शोधायला कधी निघायचं?"

मी तोवर चपला घातल्या होत्या.