गिरणी चालू असेपर्यंत

"परत. पहिल्यापासून," नणंदबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तकावर बोट आपटलं.

बबडीने ओळ पुन्हा सुरू केली. "को... कोल्... कोल्हा न... नदी..."

"नदीवर. नीट बघ ना, घाई कसली? परत."

बबडी म्हणजे माझी मुलगी, पहिलीत आहे. सुरुवातीला ती पाय हलवत वाचायची. मग पाय थांबले, मग आवाज बारीक झाला, आणि त्या संध्याकाळी तिने तोंड मिटलं ते मिटलंच. नणंदबाईंनी गोळ्यांचं आमिष दाखवलं, हनुवटी धरून पाहिली, शेवटी आपल्या नातवाचं उदाहरण दिलं. तो म्हणे वर्तमानपत्र वाचतो. वाचेल नाही तर काय करेल, उशाला ही आजी बसलेली. बबडीचे वडील शेजारीच मान खाली घालून जेवत होते. थोरल्या बहिणीपुढे त्यांचं तोंड कधी उघडलंय? मुलगी त्यांच्यावरच गेली.

"घरी कोणी वाचून घेत नाही, मग असंच होणार," नणंदबाई मला म्हणाल्या. "तुला गिरणीतून सवड मिळेल तेव्हा ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाळेच्या बाईंनी बजावलं होतं, पुढच्या सोमवारी बबडीने वर्गासमोर धडा वाचला नाही तर तिला परत बालवर्गात बसवणार. लहान मुलांत बसवून मूल वाचायला लागतं, हा शोध कुठल्या शहाण्याने लावला कोण जाणे. पण सोमवार काही माझ्या रागाने टळणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बबडी नेहमीसारखी गिरणीत आली. मी कोणाचे तरी गहू ओतले आणि खटका दाबला. आमच्या गिरणीत दळण सुरू झालं की शेजारच्याशीही हातवारे करून बोलावं लागतं. पिठाची कापडी पिशवी झटकताना माझी नजर कोपऱ्यात गेली. बबडी पोत्यांवर बसून वाचत होती. मनातल्या मनात नाही, चांगलं तोंड उघडून, मानेच्या शिरा ताणून. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर वाचत होती.

मी पाहिलंच नाही असं दाखवलं आणि चिमटीत पीठ घेऊन बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते पिठाने आलं म्हणा हवं तर.

मग ती रोजच वाचायला लागली. एक दळण संपत आलं की मी लगेच दुसरा डबा ओतायची, मधे खंड पडू द्यायची नाही. शनिवारी नणंदबाई ज्वारीचा डबा घेऊन आल्या. त्यांनी बबडीकडे पाहिलं, तिचे ओठ हलताना पाहिले, आणि कोणाला काही न विचारता भिंतीवरचा खटका बंद केला.

पट्टा थांबला. सगळ्या गिरणीत बबडीचा आवाज एकटाच उरला. "मा... मासा म्ह... म्हणा..."

"एवढ्यात आमचं दळण दोनदा झालं असतं," दळणासाठी बाकावर बसलेल्यांतला इस्त्रीवाला म्हणाला. सगळे हसले.

"म्हटलं बघू तरी काय वाचते," नणंदबाई म्हणाल्या. "अजून अडखळतेच आहे. परत, बबडे. पहिल्यापासून."

बबडीने पुस्तक मिटलं आणि ती त्यावर बसली.

"ताई, खटक्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"अगं, मी तिच्या भल्यासाठीच..."

"तुमचं भलं तुमच्या डब्यात ठेवा. आणि तुम्ही हो," मी इस्त्रीवाल्याला म्हणाले, "जन्मल्याबरोबर इस्त्री फिरवायला लागला होतात का?"

नणंदबाई डबा उचलून तरातरा निघाल्या. गिरणी मधेच थांबल्याने दगडांत दाणे अडकले होते. मी वरचा दगड सैल केला, दाणे काढले आणि बसलेल्यांची दळणं उरकून दिली. गिरणी तेवढा वेळ धडधडत होती, पण बबडी पुस्तकावरून हलली नाही. ती बाकाकडे बघत होती. एवढ्या लोकांचं हसू तिच्या एकटीच्या अंगावर, आणि कोणालाही त्याची लाज नाही.

लोक गेले. ओतायला दाणा उरला नव्हता. रिकामी गिरणी चालवायची नसते, दगडावर दगड घासून खाचा बोथट होतात, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी खटका दाबला.

दगड किंचाळायला लागले. जळका वास सुटला. तो आवाज रस्त्यावर गेला असणार, कारण नणंदबाई अर्ध्या वाटेवरून परत आल्या आणि दारात उभ्या राहून, दगडांकडे हात करून करून काहीतरी सांगायला लागल्या. त्यांचं तोंड नुसतं उघडत होतं, मिटत होतं. बबडी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने अंगाखालचं पुस्तक ओढून काढलं, मांडीवर ठेवलं, पान शोधलं.

नणंदबाई आत आल्या. मी भिंतीपाशी गेले आणि खटक्याला पाठ लावून उभी राहिले.