मी दुसरा पडदा धरतो

मी एक जुना विद्युतचुंबक आहे. नाव ऐकून दचकू नका मित्रांनो, माझा आकार हरभऱ्याच्या दाण्याएवढा आहे. भंगारातल्या मोटारी उचलणारे ते धिप्पाड चुंबक माझे दूरचे नातेवाईक. ते मला ओळख देत नाहीत आणि मीही त्यांच्या वाटेला जात नाही. मी एका कॅमेऱ्याच्या पोटात राहतो. लोक कॅमेऱ्याचं कौतुक करतात, भिंगाचं करतात, फोटो काढणाऱ्याच्या नजरेचं करतात. माझं नाव कोणी घेत नाही. म्हणून म्हटलं, आपली गोष्ट आपणच सांगावी.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. मऊ लोखंडाचा एक तुकडा आणि त्यावर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, एवढंच माझं शरीर. तार गुंडाळणारी बाई शेजारणीशी सतत बोलत असायची. सुनेच्या तक्रारी, गुडघ्याचं दुखणं, सगळं माझ्या वेढ्यांबरोबर गुंडाळलं गेलं असावं. पण तिचा हात कुठे चुकला नाही. मग माझं तोंड घासून गुळगुळीत केलं आणि मला तपासनिसांपुढे ठेवलं. त्यांनी तारेतून वीज सोडली. मी समोरची लोखंडी पट्टी चटकन धरली आणि मनात म्हटलं, झालो पास! तपासनीस मात्र शेजाऱ्याला म्हणाले, “धरतात सगळेच. सोडतो का ते बघू.”

त्यांनी वीज बंद केली, मी पट्टी सोडली. “हं, चालेल,” एवढंच ते म्हणाले. मला तेव्हा थोडा राग आला होता.

माझं काम काय ते सांगतो. कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे दोन काळे पडदे असतात. बटण दाबलं की पहिला पडदा बाजूला सरकतो आणि उजेड फिल्मवर पडतो. दुसरा पडदा स्प्रिंगच्या जोरावर त्याच्यामागे धावायला टपलेलाच असतो. त्याला जोडलेली लोखंडी पट्टी धरून मी त्याला अडवतो. किती वेळ, ते शेजारचं सर्किट ठरवतं. उजेड कमी असेल तर जास्त वेळ, लख्ख ऊन असेल तर सेकंदाचा हजारावा भागसुद्धा. तेवढा वेळ माझ्यातून वीज वाहते आणि मी चुंबक असतो. वीज थांबली की मी पुन्हा साधं लोखंड. पट्टी सुटते, दुसरा पडदा धावत येतो आणि उजेड बंद होतो. बाहेर तुम्हाला फक्त ‘खट’ ऐकू येतं.

आमचा कॅमेरा एका फोटोग्राफरकडे आला. खाली त्यांचं दुकान आणि वर घर. दुकानात एक फिरतं स्टूल, डोंगर रंगवलेला एक पडदा आणि केस विंचरायला एक आरसा. ओळखपत्रांपासून लग्नांपर्यंत सगळे फोटो ते काढत. रडकी मुलं आणि रुसलेल्या आत्याबाई त्यांच्यापुढे आल्या की हसायच्या. माझा आवाज ते असा ओळखायचे, की सकाळी रोल न घालताच बटण दाबून म्हणत, “तब्येत बरी आहे.” मला फार बरं वाटायचं.

त्यांच्या बायकोचं हसू सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ती वर हसली की आवाज जिन्यावरून खाली दुकानात यायचा आणि कशाला ते न कळताच गिऱ्हाइकंही हसू लागायची. पण तिच्यापुढे कॅमेरा धरला की बाईंचा लगेच पुतळा व्हायचा. हनुवटी वर, ओठ घट्ट. “काढा एकदाचा,” म्हणायची. फोटोग्राफर हसून कॅमेरा खाली ठेवायचे. पुन्हा कधीतरी काढू, घरचीच तर आहे, असं म्हणता म्हणता वर्षं गेली.

मग तिच्या कानाखाली एक गाठ आली. डॉक्टरांकडून दोघं परत आले ते वर न जाता दुकानातच बसले. जिवाला धोका नव्हता. पण चेहरा हलवणारी नस त्या गाठीतूनच जात होती. गाठ काढताना ती दुखावली, तर एका बाजूचं हसू परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

मग तिने विचारलं, “अहो, माझा एखादा हसरा फोटो आहे का हो?”

फोटोग्राफरांनी कपाटातली सगळी खोकी उपसली. त्यात अख्ख्या गल्लीचं हसू होतं. बायकोचं नव्हतं.

दवाखान्यात दाखल व्हायच्या दिवशी सकाळी गच्चीवर फोटो काढायचं ठरलं. तिला हसवायला तिचा थोरला भाऊ आदल्या दिवशीच येऊन राहिला. घरातली लेक त्याला मामा म्हणायची, म्हणून आपणही मामाच म्हणू. मामा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. लांब नळीची तेलाची कुप्पी कायम त्यांच्या खिशात असायची आणि जगातलं कुठलंही दुखणं तेलाच्या थेंबाने जातं असा त्यांचा विश्वास होता. दारं, कुलपं, सायकली, एकदा तर शेजाऱ्यांचा पाळणा, त्यांनी काहीही सोडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी फोटोग्राफर रोल आणायला गेले होते. मामांनी कॅमेरा हातात घेतला आणि रोल पुढे सरकवायचा दांडा ओढून पाहिला. तो जरासा कुरकुरला. “अरेरे,” मामा म्हणाले, “माझ्या बहिणीचा फोटो काढणार आणि हा असा कण्हतोय!” त्यांनी खालचं झाकण उघडलं आणि जिथे जिथे काही हलताना दिसलं तिथे तिथे प्रेमाने तेल सोडलं.

मित्रांनो, तेल वाईट नाही. शिलाई मशीनला ते औषधच आहे. पण ते एका जागी राहत नाही, हळूहळू पसरतं. सकाळपर्यंत ते माझ्या तोंडाशी आलं. दोन ओल्या काचा एकमेकींना कशा चिकटतात, तुम्ही पाहिलं असेल. तसे मी आणि माझी पट्टी चिकटलो.

गच्चीवर लख्ख ऊन होतं. मामांनी तावातावाने भांडणाऱ्या एका गिऱ्हाइकाची नक्कल केली आणि ती हसली. अगदी जिन्यावरून खाली यायचं ते हसू. फोटोग्राफरांनी बटण दाबलं. सर्किटने वेळेवर वीज थांबवली, मी चुंबक राहिलो नाही, पण पट्टी सुटेना. उजेड आत येतच राहिला. एरवी माझा आवाज ओळखणाऱ्या माणसाला तो ‘ख…ट’ ऐकू आला नाही, कारण त्यांचे कान तिच्या हसण्याकडे होते. सगळा रोल तसाच संपला.

दुपारी त्यांनी फिल्म धुतली आणि अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले. “सगळी काळी झाली,” ते म्हणाले. “नको तेवढा उजेड गेलाय. कुठे चेहरा दिसतोय, तोही फरफटलेला.”

“जाऊ द्या हो,” ती म्हणाली. आणि ती दवाखान्याची पिशवी भरू लागली.

दवाखान्यात संध्याकाळी पोचायचं होतं. फोटोग्राफरांनी कॅमेरा उचलला, तिची पिशवी उचलली आणि म्हणाले, “वाटेत दुरुस्तीच्या दुकानात थांबू.” लेकीला शेजारी सोडून तिघं निघाले.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या बाईंचं दुकान म्हणजे खिडकीशी एक टेबल आणि त्यावर दिवा. त्यांनी झाकण उघडलं आणि भिंगातून पाहिलं. “याला तेल कोणी पाजलं?” त्यांनी विचारलं.

मामांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. “मी. दोनच थेंब.”

“दोन?”

“चार असतील.” मामा घुटमळले. “फार तर सहा.”

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागदाची बारीक पट्टी स्पिरिटमध्ये बुडवली आणि माझ्या तोंडावरून फिरवली. पुन्हा नवी पट्टी, पुन्हा नवी. तेल गेलं, मी कोरडा झालो. असं हलकं मला कारखान्यातून निघाल्यावर कधी वाटलं नव्हतं. “बाकीच्यांचं ठीक आहे, पण हा चुंबक कोरडाच हवा,” बाई म्हणाल्या. “थेंबभर तेलानेही अडकून बसतो.”

फोटोग्राफरांनी नवा रोल घातला आणि खिडकीच्या उजेडाकडे पाहून आकडा लावला. ती स्टुलावर बसली होती, दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन. हनुवटी वर, ओठ घट्ट. हसायची कोणाचीच इच्छा उरली नव्हती.

तेवढ्यात मामा पुढे आले. त्यांनी खिशातून तेलाची कुप्पी काढली, टेबलावर ठेवली आणि कॅमेऱ्यापुढे हात जोडले. “चुकलो बाबा,” ते अगदी मनापासून म्हणाले. “पण तू कुरकुरत होतास रे.”

आधी तिच्या नाकातून आवाज आला. मग पिशवी मांडीवरून घसरली आणि ती हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “दादा,” तिला बोलता येईना, “दादा, सहा थेंब!”

वीज आली, मी धरलं. वीज गेली, मी सोडलं. खट.

फोटोग्राफर कॅमेऱ्याआडून म्हणाले, “ऐकलंत? खट.”

गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, डावी बाजू हलायची थांबली. खिडकीतला तो फोटो मोठा करून जिन्यात लावला. मला डोळे नाहीत, मी तो कधी पाहिला नाही. पण वरखाली जाणारी माणसं तिथे थांबतात, हे मला पावलांवरून कळायचं.

ती पुन्हा कॅमेऱ्यापुढे आली नाही. फोटोग्राफर कधी हौसेने कॅमेरा उचलत, ती तोंडावर हात ठेवून म्हणे, “तो आहे ना जिन्यात, पुरे.” त्यांनी कधी जबरदस्ती केली नाही. हसण्याचा आवाज मात्र थोडा बदलला तरी जिन्यावरून येतच राहिला.

पुढे रोलचे दिवस सरले. दुकान बंद झालं. मामा गेले, मग फोटोग्राफरही गेले. मी कपाटात पडलो. आत राहिलेली बॅटरी पाझरली आणि तिचा हिरवट क्षार वीज आत येते त्या टोकांवर साचला. वीजच नाही, तर मी कसला चुंबक? तरी ती कधीकधी कपाट उघडायची, कॅमेरा घ्यायची आणि बटण दाबायची. आवाज यायचा नाही. ती थोडा वेळ थांबून मला परत ठेवायची. मित्रांनो, त्या वेळी मला फार वाईट वाटायचं.

परवा लेक माहेरी आली होती. तिने आईला असं बटण दाबताना पाहिलं. “आई, आता काय करायचाय तो?” असं ती म्हणाली नाही, म्हणून मी तिचा ऋणी आहे. तिने क्षार खरवडून काढला, टोकं पुसली, नवी बॅटरी घातली आणि कॅमेरा आईच्या हातात दिला.

आईने तो मांडीवर घेतला, भिंग स्वतःकडेच होतं. तिने बटण दाबलं. खट.

ती हसली. आतमध्ये फिल्म नव्हती, त्यामुळे तो फोटो कुठेच नाही. पण तिच्या चेहऱ्यावरचा उजेड आत आला तेव्हा पडदा मी धरला होता आणि वेळेवर सोडला होता.

“तब्येत बरी आहे,” ती म्हणाली. अगदी त्यांच्यासारखी.

लेक उठणार तेवढ्यात तिने विचारलं, “रोल मिळतो का गं अजून?”

“मिळतो, आई. शोधते.”

मित्रांनो, रोल यायचा आहे. तोवर लेकीने बॅटरी काढून वेगळी ठेवली आहे. तुमच्या घरी असा एखादा म्हातारा कॅमेरा असेल, तर तेवढं तुम्हीही करा. त्याला तेल मात्र घालू नका. आणि घरातली माणसं आज जशी हसतात, अर्धं का होईना, तसाच त्यांचा फोटो काढा. घरचीच आहेत, पुन्हा कधीतरी काढू, असं म्हणू नका.