चालू होईपर्यंत

गॅविनने कॉम्प्युटरचा पत्रा उघडला आणि आत फुंकर मारली. मनोरीच्या खाऱ्या हवेने स्क्रू गंजून लाल झाले होते.

“मावशी, या नवीन एसएसडीवर विंडोज पहिल्यापासून टाकू, की जुन्या डिस्कचं क्लोन करू?”

“क्लोन म्हणजे रे?” ब्रिजेटने विचारलं.

“जसंच्या तसं उतरवायचं. एक आयकॉनपण जागचा हलणार नाही.”

“मग तेच कर. आणि चालू व्हायला वेळ लागतो, तो?”

“तो तर जाणार ना! त्यासाठीच नॅटलीने ही नवी डिस्क पाठवलीय. बटण दाबलं की झकास चालू.”

ब्रिजेटचा चेहरा उतरला. पण भाच्याला सांगणार तरी काय? तिचा नवरा कॉस्मस म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरलेला माणूस. दिवसभरात ‘जेवण झालं?’ आणि ‘दार लाव’ एवढंच काय ते बोलणं. संध्याकाळी मात्र कॅनडातल्या लेकीला, नॅटलीला, व्हिडिओ कॉल लावायला दोघं कॉम्प्युटरसमोर बसत आणि तो जुनाट डबा कुरकुरत जागा होईपर्यंत कॉस्मस बोलत असे. तेही काय, तर आदल्या रात्रीची स्वप्नं. विहिरीला आलेली भरती. होडीत उभी राहिलेली गाय. लेकीचा चेहरा दिसला की पुन्हा गप्प. त्या तेवढ्या बोलण्यावर ब्रिजेट अख्खा दिवस काढायची.

पडद्यावर निळी पट्टी हळूहळू सरकू लागली. तिच्याकडे बघता बघता ब्रिजेटचा डोळा लागला. झोपेत तिला सगळं घरच त्या पट्टीवरून पलीकडे निघालेलं दिसलं: माड, न्हाणी, कोंबड्या, चपला हातात घेतलेली तिची आई. कॉस्मस तेवढा अलीकडे राहिला होता आणि त्याला हाक मारायला तिला आवाज फुटेना.

ती जागी झाली तेव्हा काम उरकलं होतं. चहा पिऊन गॅविन मार्वेला जाणारी बोट पकडायला पळाला.

संध्याकाळी कॉस्मसने बटण दाबलं. ब्रिजेट हात पुसत येते तोवर पडदा लख्ख उजळलासुद्धा. ती दारातच थांबली. तिला रडूच यायला लागलं.

कॉस्मसने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हात पुढे करून त्याने मॉनिटर बंद केला. टेबलाखाली कॉम्प्युटरचा पंखा घुमत राहिला.

“ये, बस गो,” तो म्हणाला. “अजून चालू व्हायचाय.”

ब्रिजेट त्याच्या शेजारी बसली.

“काल काय दिसलं?” तिने विचारलं.