एंगकुसचं जॅकेट

"पंक म्हणजे नक्की काय, ते तुम्हीच सांगा ना, इबू," लारस म्हणाली. कॉलेजातल्या म्युझिक व्हिडिओसाठी माहिती गोळा करत ती बांडुंगच्या या गल्लीत पोचली होती.

"मी काय सांगू, कपाळ?" चुलीवरच्या सुराबीचं, म्हणजे तांदळाच्या धिरड्याचं, मातीचं झाकण उचलत योयोह इबू, म्हणजे योयोहमावशी, म्हणाल्या. "मुलगा माझा होता, पंक त्याचा."

एंगकुस तीन वर्षांपूर्वी तापाने गेला. त्याचं काळं जॅकेट अजून आतल्या खिळ्यावरच होतं. इबूंनी ते आणून लारसच्या मांडीवर ठेवलं आणि उलट त्याच विचारू लागल्या.

"एवढ्या पिना कशाला गं, पोरी? बटणं तर धड आहेत."

"फाटलं तरी नवं घ्यायचं नाही, पिना लावायच्या. पुढे तीच रीत झाली म्हणे."

"आणि धुवायचं का नाही? बादलीत टाकलं की अंगावर यायचा माझ्या."

"ते नाही वाचलं कुठे."

"मग विचार की कुणाला! शिकतेस ना?"

लारसने जॅकेट चित्रीकरणासाठी मागितलं. इबूंनी त्याची कॉलर सरळ केली. "देते. पण त्याच्याबरोबर मीही येणार."

शनिवारी दुपारी उड्डाणपुलाखाली एंगकुसची जुनी टोळी जमली. जॅकेट लारसच्या वर्गातल्या तियोने घातलं होतं. गाणं सुरू झालं तशी पोरं एकमेकांना धडका देऊ लागली आणि चष्म्यासकट तियो आडवा झाला.

"अरे, तुडवतील त्याला!" इबू स्टुलावरून उठल्याच. पण तोवर चारी बाजूंनी हात आले, तियो उभा राहिला, कुणीतरी चष्माही शोधून दिला. गाणं चालूच होतं.

"हे काय झालं?" इबूंनी शेजारी उभ्या असलेल्या जाब्रिगला, एंगकुसच्या जुन्या दोस्ताला, विचारलं. त्याच्या ताठ केसांत आता पांढरे दिसत होते.

"कुणी पडलं की आधी उचलायचं, इबू. नाचायचं नंतर. इथला नियमच आहे."

"एंगकुस काळानिळा होऊन घरी यायचा. मला वाटायचं, मारतं कुणीतरी."

"छे! पडायचा. नाचता कुठे येत होतं त्याला!"

"मग?"

"मग काय? उचलायचो."

इबू खाली बसल्या. थोड्या वेळाने लारसला म्हणाल्या, "ते गाणं पुन्हा लावतेस? मला नीट बघायचंय."

लारसला हवं ते चित्रण मिळालं होतं. तरी तिने गाणं पुन्हा लावलं.

निघताना तियोने जॅकेट घडी करून इबूंच्या हाती दिलं. ते त्यांनी काखेत धरलं. जाब्रिगने वाकून, तिथे थोरांना नमस्कार करतात तसा, त्यांचा मोकळा हात कपाळाला लावला. त्याच्यामागे बाकीचेही रांगेत उभे राहिले. गोंद लावून भाल्यासारखे केलेले केस एकेक करून समोर वाकत होते. डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून इबू दर वेळी मान वळवत होत्या. हात मात्र त्यांनी शेवटच्या पोरापर्यंत पुढेच ठेवला.