शिस्तीचं बक्षीस

मुलांचं मन फुलासारखं कोमल असतं, असं सुकापूरजवळच्या एका शाळेत २०११ साली मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. मुलींच्या संडासाच्या भिंतीवर, कारण तेवढीच भिंत मोकळी होती.

पाचवीतली पूर्वी नावाची मुलगी तिकडे कधी जात नसे. जायचं तर शोभाबाईंना विचारावं लागे, आणि विचारायचं तर तोंड उघडावं लागे. जूनमध्ये तिने ते एकदा उघडलं होतं. "बाई, आमी नाय बोललो, यो हृतिक बोलला." वर्ग हसला. शोभाबाईंनाही आवरलं नाही, त्यामुळे ते हसणं अधिकृत झालं. पुढे पूर्वीने ओठ हलवायचा अवकाश, मागच्या बाकावरून हृतिक "नाय, नाय, नाय!" सुरू करी आणि बाकी मुलं लग्नाच्या हळदीत ढोल बडवावा तशी बाकं बडवत.

दिवाळीपर्यंत पूर्वी बोलायची बंद झाली. पाणी प्यायचीही. प्यायलंच नाही तर विचारावं लागत नाही. युक्ती चोख होती, फक्त पोट दुखे.

दप्तरातून रोज भरलेली बाटली काढून तिची आई, भामा, शेवटी पालकसभेला गेली.

"बाई, पोर पानी पीत नाय. आता घरी पन बोलत नाय."

"पूर्वी? अहो, आमची बेस्ट मुलगी ती! अजिबात आवाज नाही. सुरुवातीला जरा भाषेचा प्रॉब्लेम होता, आता तोही नाही."

"पन तिचं पोट दुखतं..."

"सकाळी लिंबूपाणी द्या."

परतताना गाडीत नवरा महादेव म्हणाला, "बाई पोरीला चांगली म्हनतात, आनि तू रडतेस?"

स्नेहसंमेलनात शिस्तीचं बक्षीस पूर्वीला मिळालं. शोभाबाईंनी प्रेमाने माईक तिच्या तोंडाशी धरला. "बोल बाळा, दोन शब्द."

पूर्वीने माईककडे पाहिलं. ओठ किंचित हलले. खालून हृतिकने सुरुवात केली, "नाय, नाय, नाय!" वर्गाने साथ दिली. मुलं मैत्रिणीला प्रोत्साहन देताहेत असं वाटून पालकांनीही ताल धरला. सगळ्यात जोरात महादेव टाळ्या वाजवत होता. भामा तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.

पूर्वीने ओठ मिटले आणि मान लववून खाली उतरली. तो विनय समजून त्यालाही टाळ्या पडल्या.

बक्षीस म्हणून पाण्याची बाटली होती. सोमवारपासून पूर्वी ती नेऊ लागली. तीही भरलेलीच परत येते.