करदोड्यातली अँटेना

अरे ऐका तरी, येडगावच्या भरतचं सांगतो. दोन हजार चार-पाचची गोष्ट. भरत तवा भोसरीला, गाड्यांचे रिमोट बनवणाऱ्या एका कंपनीत व्हता. रिमोटच्या आतली अँटेना, तेच त्याचं काम. किल्लीला लटकणारं एवढंसं डबडं, त्यात सरळ तार मावत न्हाई, मग ती नागमोडी वळवून इवल्याशा पट्टीवर बसवायची. लई डोकं लागतं त्याला, आणि भरतला ते डोकं व्हतं.

आणि इकडं घरी त्याचे वडील, सावळेराम नाना, विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवलो का न्हाई ते, मग बायकोचं नाव. तेवढंच असतं तर चाललं असतं राव. पण ते उठून चालायला लागले. कुठं? तर धरणात! धरण व्हायच्या आधी त्यांचं वावर तिथं नदीकाठाला व्हतं. भरतच्या जन्माआधीच ते पाण्याखाली गेलं. पण नानांच्या डोक्यातून धरण पुसलं गेलं आन् वावर तेवढं राहिलं. "उसाला पाणी द्यायचंय," म्हणायचे आन् निघायचे. एकदा तर शेजारच्या गेणभाऊनं कमरेएवढ्या पाण्यातून वढून आणले. झुंबरबाई, म्हणजे भरतची आई, घरात एकटी. तिनं म्हशी बघायच्या का नवऱ्यामागं पळायचं?

भरत म्हणला, "आई, सोपंय. नानांच्या अंगावर बारकं मशीन लावतो, दुसरं घरात ठेवतो. नाना जवळ हायेत तोवर घरातलं गप. लांब गेले, सिग्नल तुटला, की ते वरडणार. तू पळायचं."

गेणभाऊ कट्ट्यावर बसून ऐकत व्हता. म्हणला, "आरं इंजिनेर, बापाला रिमोट लावतो व्हय? मंग आवाज कमी करायचं बटण बी बसव. म्हातारं पहाटंपासून गल्ली उठवतंय."

सगळे हसले. भरत बी हसला.

पहिलं मशीन काडेपेटीएवढं, त्याला वीतभर तार. झकास चालायचं, पार गेणभाऊच्या विहिरीपर्यंत. पण नाना ठेवतील तर ना! खिशात ठेवलं, तर सदरा काढून फेकला. गळ्यात बांधलं, तर दावं समजून तोडलं. मनगटावर बांधलं, ते गव्हाणीत सापडलं. मग झुंबरबाईच म्हणली, "त्यांच्या अंगावर एकच गोष्ट टिकती बघ. करदोडा."

खरंच की! जित्या माणसाचा करदोडा कोण काढतंय? जुना झाला तरी आधी नवा बांधायचा, मगच जुना कापायचा. बाकी सगळं विसरले तरी नाना ते विसरले नव्हते. पण करदोड्यात बसवायचं म्हणजे मशीन शर्टाच्या बटणाएवढं पाहिजे. आन् ते कातडीला चिकटून.

इथंच सगळं अडलं बघा. अँटेना बारकी केली की तिचा दम कमी व्हतो, त्याला कुणाचा इलाज न्हाई. वर माणसाचं अंग म्हणजे निम्म्याच्या वर खारट पाणी, ते उरलासुरला सिग्नल पिऊन टाकतं. भरत कंपनीत सुट्टी झाल्यावर मिठाच्या पाण्याचा कॅन घेऊन बसायचा, कॅन म्हणजेच नाना समजून त्याला बटण चिकटवायचा. तार अशी वळव, तशी वळव. टेबलावर बटण छान बोलायचं. कॅनला टेकवलं की गप. पट्टी बदलली, वेटोळी बदलली, तवा कुठं ते अंगणापर्यंत पोचलं. अंगण तर अंगण, म्हणला, आन् गावी येऊन नानांना नवा करदोडा बांधला. नाना हात वर करून गुमान उभे राहिले.

पुढच्या सुट्टीला आला, तर झुंबरबाई तोंड फिरवून बसलेली.

"आरं, दिसभर बोंबलतंय ते! ते कुशीवर वळले की बोंब, उकिडवे बसले की बोंब, मधी म्हस आली की बोंब. म्हशीनं पान्हा चोरलाय माझ्या."

"आई, अंगाखाली दबलं की तुटतोय सिग्नल. मी करतो कायतरी."

"कर बाबा."

केलं की त्यानं. अजून दोन पट्ट्या केल्या. एक थोडी बरी निघाली, एक तर आधीपेक्षा वाईट. आन् तोवर झुंबरबाईनं काय करावं? धारेच्या वेळी ते घरातलं वाजणारं डबडं गोधडीत गुंडाळून घमेल्याखाली ठेवायला लागली.

त्या दिवशी सकाळी तेच झालं. धार काढताना घमेल्याखाली बारीक किणकिण चालू झाली. ती मनात म्हणली, वळले असतील कुशीवर. धार पुरी केली, दूध डेअरीला घालून आली, तरी किणकिण चालूच.

नाना सापडले तवा गळ्याएवढ्या पाण्यात व्हते. पायानं बांध चाचपत व्हते. गेणभाऊ पवत गेला म्हणून वाचले, पण छाती भरली ती भरलीच.

भरत दुपारच्या एसटीनं आला. आई उंबऱ्यात बसलेली. त्यानं काय विचारायच्या आतच म्हणली, "वाजलं व्हतं रे. ते वाजलंच व्हतं."

मशीन पहिल्यांदा खरं बोललं, ते बी खोट्यासारखंच. भरतला माहीत व्हतं, अजून वर्षभर तार वळवली तरी बटणाएवढ्या अँटेनात यापेक्षा जास्त जीव येणार न्हाई. आन् मोठी अँटेना नाना अंगावर ठेवणार न्हाईत.

तो ओतूरच्या बाजारात गेला आन् कडी-कोयंडा घेऊन आला. खोलीच्या दाराला बाहेरून त्यानं सोता बसवला. गेणभाऊनं फळी धरली.

कडी घातली तसं आतून दार वाजलं.

"ओ पावणं! काढा की कडी. पाणी द्यायचंय उसाला."

भरत दाराला टेकून खाली बसला. "दिलं नाना. मी दिलं पाणी."

नाना आतून म्हणले, "कुठवर आलं?"

भरतनं ते वावर कधी बघितलेलंच नव्हतं.

"पावणं? कुठवर आलं पाणी?"

आतून दार परत वाजायला लागलं.