सरकी फोडणारी दाढ

"माह्यंच रक्त काढता अन् माह्याच तोंडात भरता? मंग काढता काऊन?"

खुर्चीत आडव्या पडलेल्या बद्रुद्दीनचाचांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. दातांच्या डॉक्टर पायलने उसासा टाकला. मागे चाचांचं रक्त यंत्रात गरगर फिरत होतं.

चाचा चाळीस वर्षं उंद्रीकडच्या जिनिंगवर कापूस पारखत होते. कापसातली सरकी उजव्या दाढेखाली धरायची. कट् वाजली की माल कोरडा, नुसती दबली की ओला. भाव त्या आवाजावर ठरायचा. बीटी बियाणं आलं, दरसाल नवं पाकीट आलं; दाढ मात्र तीच. यंदा ऐन हंगामाच्या तोंडावर ती उभी चिरली आणि काढावी लागली. मालकाने ओलावा मोजायचं मीटर आणलं. "तुम्ही बरे होईपर्यंतच हो," असं म्हणाले, पण मीटरसाठी भिंतीत पक्का खिळा ठोकून घेतला.

पायलने चिमट्यात पिवळसर, लिबलिबीत गोळा धरून दाखवला. "हे बघा. तुमच्याच रक्तातलं. यानं खड्डा लवकर भरते."

"म्हंजे घरचं बियाणं?"

"हाव चाचा. पाकीट नाही."

"मंग उगवन," चाचांनी समाधानाने तोंड उघडलं.

टाके पडले. "आता महिनाभर सरकी फोडायची नाही," पायल म्हणाली.

"महिना? मंग हे लवकर कायचं, बेटा?"

"जखम लवकर भरते, चाचा. दाढ उगवत नाही."

गालावर बोळा दाबून चाचा पायऱ्या उतरले. घरचं बियाणं पेरूनही उगवणार नाही, हे त्यांना सरकारी योजनेसारखं वाटलं.

आठव्या दिवशी जखम छान भरत आली होती. चाचा जिनिंगवर स्टुलावर तोंड मिटून बसले. माल विकायला आलेल्या अर्जुनरावांच्या कापसात मालकाने मीटर खुपसलं; ओलावा बारा टक्क्यांवर गेला की भाव पडायचा. तेरा.

"कायचे तेरा! चार दिस उन्हात होता माल. चाचा, तुमी फोडा."

चाचांनी गालाकडे बोट दाखवलं.

अर्जुनराव चिडले, इकडेतिकडे पाहिलं, मग सरकी स्वतःच्याच दाढेखाली धरली आणि जबडा चाचांच्या कानाला नेऊन भिडवला.

कट्.

"कोरडा," चाचा म्हणाले.

मालकाने तेरा लिहिले.

अर्जुनरावांनी दुसरी सरकी तोंडात टाकली. चाचांनी टोपी मागे सारली आणि दुसरा कान पुढे केला.